भिंगरीचे मागचे पाय

८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहून काढायचं. वर रक्तदाब लिहायचा आणि खाली रागाचं कारण. चौसष्टाव्या वर्षी मला पुन्हा शाळेत घातलंय. असो. रक्तदाब एकशे बहात्तर. कारण खालीलप्रमाणे.

घोडेपैदास संघाचं पत्र आलं. 'गाडीच्या जातीच्या घोडीला स्वारीच्या जातीच्या घोड्यापासून झालेली शिंगरं स्वारीच्या नोंदवहीत घ्यायची की नाही, हे उडीच्या परीक्षेवर ठरेल. संधी दोन, चोवीस एप्रिल आणि पंचवीस मे. दोन्ही वेळा नापास झाल्यास त्या घोडीच्या पुढील संततीचा विचार होणार नाही.' गाडीच्या जातीच्या, हे शब्द अशा थाटात लिहिलेत की आमच्या घोड्या जशा काही कचऱ्याचे डबेच ओढत होत्या. माझ्या आजोबांची जोडी रस्त्याने दुडकत निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून दारात यायचे. गुडघा छातीला लागायचा एकेकीचा. आणि संघवाले ज्यांना डोक्यावर घेऊन नाचतात ते स्वारीचे घोडे, त्यातले निम्मे डबकं दिसलं तरी थबकतात.

आता गाड्या कोणालाच नकोत, हे मला कळत नाही असं नाही. म्हणून तर हा उद्योग मांडला. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी आमची सरकार, म्हणजे आमची सगळ्यात तालेवार घोडी, अंगावर अर्धा साज असताना अंगणाचं फाटक ओलांडून गेली. धावत येऊन नव्हे, उभ्याउभ्या. मी कप हातात धरून बघतच राहिलो. म्हटलं, जिचा गुडघा एवढा वर येतो, जिच्या मागच्या पुठ्ठ्यात एवढा जोर आहे, तिच्या शिंगराला स्वारीच्या घोड्याचा लांब खांदा आणि लांब टांग मिळाली तर? त्यातून झाली भिंगरी. चार वर्षांची, तांबूस, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका.

पागेत सहा घोड्या, सगळ्यांत धाकट्या भावाचा अर्धा वाटा आहे. त्याने पत्र वाचलं, नीट घडी केली आणि म्हणाला, "दादा, भिंगरी पास झाली तर पुढचं सगळं तुझ्या मनासारखं. नापास झाली तर मी थांबणार नाही. घोड्या भाड्याच्या गाड्यांवर जातील." त्या गाड्या मी पाहिल्यात. दिवसभर डांबरावर उभं राहायचं, चार वर्षांत पाय गेले. सरकार पंधरा वर्षांची आहे आणि पुन्हा गाभण आहे. मी ओरडलो नाही. वहीत लिहितोय. डॉक्टरांनी खूश व्हावं.

१२ फेब्रुवारी

एकशे चौसष्ट. आज फक्त चामड्यावर राग.

संध्याकाळी भिंगरीला नेहमीप्रमाणे मानपट्टा बांधला. ही बाबांची पद्धत. लगामाच्या कडीतून पट्टा निघतो, कानांमधून मागे जातो आणि पाठीवरच्या गादीला बक्कलने अडकतो. घोड्याने मान खाली घालायची म्हटली तरी घालता येत नाही. ठाणात भिंतीकडे तोंड करून अर्धा तास उभं करायचं. दोन वर्षांचं शिंगरू झालं की रोज संध्याकाळी, एक दिवस चुकवायचा नाही. त्याने मानेला जो डौल येतो तो जन्मभर जात नाही. सरकारचा डौल असाच आलाय. यात शिकवणं वगैरे काही नाही, मुलांचे केस विंचरतात तसं आहे हे.

आत जाऊन चहा घेऊन परत येतो तर पट्टा दोन भोकं सैल. काल तसंच, परवाही तसंच. हल्ली चामडंच खोटं येतं. खोगीर शिवणाऱ्याला बोलून आलो तर म्हणतो, "मालक, तो पट्टा तुमच्या वडिलांचा आहे, माझ्या नावावर कशाला घालता?" उद्धटपणा बघा.

मी चहाला आत गेलो तेव्हा ही, म्हणजे आमची बायको, पागेतच होती. भिंगरीला रोज गाजर द्यायला जाते. म्हणाली, "एवढी ताठ मान कशाला हवीय तिला?" अडतीस वर्षं माझ्याबरोबर या पागेत काढली आणि अजून हा प्रश्न.

१९ फेब्रुवारी

एकशे सत्तर.

भिंगरीवर स्वारी करते ती बारकी, म्हणजे धाकट्याची मुलगी. तेवीस वर्षांची, अंगाने काडी, पण घोड्यावर बसली की खिळा ठोकल्यासारखी. रोज सकाळी सहाला येते, दोन तास सराव घेते आणि स्वारीच्या शाळेत नोकरीला जाते. आज एक मीटरचे पाच अडथळे लावले. पाचपैकी तीन दांडे खाली.

पुढचे पाय भिंगरी अशी दुमडते की बघत राहावं, ती सरकारची देणगी. पण मागचे पाय लोंबतात. दांड्यावरून जाताना खुरांचा टकटक आवाज होतो आणि दांडा गडगडतो. मागचे पाय कोणाचे? बापाचे. टेकडीवरच्या त्या गृहस्थाने 'उड्यांचा बादशहा' म्हणून आपला घोडा माझ्या गळ्यात मारला. त्याला दोन पानी पत्र लिहिलं. 'आपल्या घोड्याने माझ्या घोडीचं रक्त बिघडवलं आहे' अशी सुरुवात केली. हिने वाचलं आणि म्हणाली, "शेवटी नमस्कार तरी लिहा." लिहिला.

३ मार्च

ताईकडून आजच परतलो. तिच्या यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, चार दिवस गेले. त्यांचा डोळा ठीक आहे. माझा रक्तदाब नाही.

बारकी दारातच सांगत आली, "काका, काल भिंगरीने पाचही साफ मारले. एक मीटर पाच." म्हटलं, दांडे खाली उतरवले असतील. तर म्हणे नाही. म्हटलं, मग मोजपट्टी चुकीची असेल. तर ती मोजपट्टीच घेऊन आली. धाकटाही तिच्या बाजूने. सगळे मिळून मला येड्यात काढतायत. चार दिवसांत घोडीला असे काय पंख फुटतात?

मी नसताना मानपट्टा कोणी बांधला नाही हेही कळलं. चार दिवस. हिला विचारलं तर म्हणाली, "विसरले बाई." कुलपाच्या किल्ल्यांपासून माझ्या गोळ्यांपर्यंत काही विसरत नाही, हे बरं विसरली. संध्याकाळी मी स्वतः बांधला आणि चार दिवसांची कसर म्हणून थोडा जास्त वेळ ठेवला.

६ मार्च

पाचपैकी दोन दांडे खाली. माझ्यासमोरच पाडते. बारकीला म्हटलं, कुठे गेली तुझी साफ उडी? ती उतरून पडलेले दांडे लावायला गेली.

१७ मार्च

एकशे शहात्तर. नालबंदाशी भांडण.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. त्याचे वडील आमच्या घोड्यांना नाल ठोकायचे, आता हा ठोकतो. आज भिंगरीचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसला होता, तर मी म्हटलं, तुझे नाल जड आहेत, म्हणून ती पाय उचलत नाही. त्याने पाय खाली ठेवला. ऐरण उचलून गाडीत ठेवली. मग परत आला आणि भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नालाला शिव्या देण्याआधी ही पाठ बघ. मधे खोलगट झालीय. तुझ्या गाडीच्या घोड्यांची असायची तशी. अशा पाठीने मागचे पाय वर येतील कसे?"

तुझ्या गाडीच्या घोड्यांची. म्हणजे हाही संघाच्या पंगतीला जाऊन बसला. ज्या गाडीच्या घोड्यांच्या नालांवर ह्याच्या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा ऐरणीशी बोललेलं बरं, ती निदान ऐकून तरी घेते." निघून गेला. चौथा नाल ठोकायचाच राहिला. तीन नालांवर उभी आहे बिचारी.

१८ मार्च

नालबंद सकाळी येऊन चौथा नाल ठोकून गेला. माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

२१ मार्च

आज बारकीला जरा जास्तच बोललो. चार दांडे पाडल्यावर मी म्हटलं, "दोष घोडीचा नाही, तुझे हात जड आहेत. तिचं तोंड ओढतेस तू." ती खाली उतरली, लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "असेल, काका." एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२९ मार्च

डाव्या हाताने लिहितोय म्हणून थोडक्यात. ओट्सच्या पोत्यावर चढून खिडकी लावत होतो, पोतं सरकलं. उजवं मनगट. दोन आठवडे प्लास्टर. पोती अशी कोण भरतं.

३० मार्च

मानपट्ट्याचं बक्कल एका हाताने लागत नाही. हिला म्हटलं, तू लाव. "मला नाही बाई जमत ते बक्कल, फार घट्ट आहे." माझ्या हातून न निघणारी बरण्यांची झाकणं ही दोन बोटांत काढते. कामात घोडं अडलं की ते नेमकं माझ्याच कामात अडतं.

धाकट्याला सांगावं तर तो म्हणेल दादाचं काहीतरी जुनं खूळ. बारकीला सांगावं तर तिला हे कधी सांगितलेलंच नाही, ती सकाळची माणूस, हे संध्याकाळचं काम. राहू दे. दोन आठवड्यांनी बघू.

७ एप्रिल

साफ. पाचही. एक मीटर दहा. मी स्वतः कुंपणाला टेकून उभा होतो, मोजपट्टी स्वतः लावली.

डाव्या हाताने लिहिण्याइतका आनंद झालाय म्हणजे बघा. दांड्याजवळ आली, मान अशी पुढे नि खाली टाकली आणि पाठ वर. मांजर ताणतं तशी. मागचे पाय पोटाशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुळीने.

कारण उघड आहे. मागच्या आठवड्यात जुने दांडे काढून नवे हलके बांबू लावले. घोडीला विश्वास वाटतो. हे मी आधीपासून सांगत होतो.

१० एप्रिल

पुन्हा साफ. बारकी गुणगुणत गेली कामावर.

१३ एप्रिल

साफ, एक मीटर वीस. धाकटा बघायला आला होता. म्हणाला, "दादा, मला वाटलं नव्हतं." मी म्हटलं, तुला कधी काय वाटलंय. पण माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, तो हात मी काढला नाही. सरकारला जाऊन सांगितलं. पोट आता चांगलंच दिसतंय तिचं.

१५ एप्रिल

प्लास्टर निघालं. उजव्या हाताने लिहितोय, अक्षर आलं पुन्हा.

परीक्षेला नऊ दिवस. आणि भिंगरीची मान बघा. पार खाली सोडून चालते, भाजीवाल्याच्या हातगाडीच्या तट्टासारखी. परीक्षकांनी पहिल्या नजरेला काय बघायचं? दोन आठवड्यांत एवढी मान उतरली, तर हिच्या 'विसरले बाई'ने काय काय घडलं असतं. आजपासून मानपट्टा सकाळ-संध्याकाळ. सकाळी बारकी गेल्यावर. आणि दोन भोकं वर.

शिवाय या वेळी स्टूल टाकून तिथेच बसलो. चहाही तिथेच मागवला. आश्चर्य म्हणजे पट्टा एक भोकही सरकला नाही. म्हणजे मी बघत असलो की चामडंसुद्धा नीट वागतं. ही गाजर घेऊन आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि गाजर भिंगरीच्या तोंडाशी धरलं तर तिला मान खाली करून घेता येईना. हिने गाजर उंच धरून भरवलं आणि माझ्याकडे न बघता गेली. रुसायला काय झालं कळलं नाही.

२१ एप्रिल

पाचपैकी तीन खाली. ऐन वेळेला नवे बांबूही कामातून गेले. जुने दांडे परत लावले, चार खाली. जमीन कडक झाली असावी. पाणी मारून घेतलं. बारकी म्हणाली, "काका, माझ्या हातांचं खरंच काहीतरी चुकतंय." मी नाही म्हणालो नाही.

२४ एप्रिल

लिहायची इच्छा नाही. डॉक्टरांना म्हणावं, घ्या, एकशे ब्याण्णव.

मैदान चांगलं होतं, हवा चांगली होती. भिंगरी गाडीतून उतरली तेव्हा मान अशी की बघणारे वळले. एकजण म्हणाला, "वा, काय डौल." तिथे मला वाटलं, झालं काम. आधी मोकळं उडवतात, दांड्यांच्या गल्लीतून, स्वाराशिवाय. तिथे तीनपैकी तीन खाली. मग बारकी बसली. पाच अडथळे, दोनपेक्षा जास्त दांडे पडले की नापास. पाचही पडले. शेवटच्याला भिंगरीने मागचा पाय एवढा जोरात आपटला की दांडा कुंपणापर्यंत गेला.

परीक्षक एक करड्या कोटातल्या बाई. भिंगरीजवळ आल्या, मानेवरून पाठीपर्यंत हात फिरवला, दाबला, तिने अंग चोरलं. मला म्हणाल्या, "पुढचा भाग फार सुंदर आहे हो. पण ही पाठ वापरतच नाही. हिची मान कोणी बांधतं का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बाई, मान बांधायला ती काय चोर आहे? तीन पिढ्या घोडे सांभाळतोय आम्ही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांचं ते 'बरं' अजून कानात आहे. मान कोणी बांधतं का म्हणे. स्वारीवाले करतात तसले प्रकार, दोऱ्या नि कप्प्या लावून. आम्ही वळण लावतो.

बारकी परतीच्या वाटेवर मागे भिंगरीबरोबर बसली. घरी उतरली तेव्हा डोळे सुजलेले. हातमोजे माझ्याजवळ दिले आणि म्हणाली, "पंचवीस मेला दुसरं कोणीतरी बघा, काका. माझ्या हातांमुळे सरकार डांबरावर जायला नको." धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू घोड्या आजच विकल्या.

२५ एप्रिल

संघाकडे अपील करतोय. जमीन, आवाज, दांड्यांचं वजन, त्या बाईंचा पूर्वग्रह. सात मुद्दे काढलेत. आठवा मुद्दा पुराव्याचा, की हीच घोडी घरी साफ उडते. तारखा याच वहीतून काढेन. बरं झालं लिहून ठेवलं.

२६ एप्रिल

सकाळी अपील लिहायला बसलो. वेगळ्या कागदावर साफ उड्यांच्या तारखा मांडल्या. दोन मार्च. सात एप्रिल. दहा एप्रिल. तेरा एप्रिल. प्रत्येक तारखेपुढे हवा काय, जमीन कशी, दांडे कोणते हे लिहायचं होतं, म्हणजे संघाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

दोन मार्चला दांडे जुने होते. तेराला नवे. दहाला सकाळी सर आली होती, तेराला जमीन खडखडीत. काही जुळेना. एकच जुळलं, दोन मार्चला मी ताईकडे होतो. पहिला विचार आला तो लिहून ठेवतो, लाज वाटली तरी. वाटलं, घोडी माझ्यावर डूख धरून आहे, मी नसलो की उडते. दोन मिनिटं भिंगरीचा भयंकर राग आला.

पण एप्रिलमध्ये मी होतो. तिन्ही दिवस कुंपणाला टेकून होतो. मी होतो, फक्त माझा हात नव्हता.

माझ्या उजव्या हाताचं त्या पागेत एकच काम आहे, जे दुसरं कोणी करत नाही.

उठून पागेत गेलो. भिंगरी मोकळीच होती. मूठभर ओट्स जमिनीवर टाकले. तिने मान खाली नेली, अर्ध्यात थांबली, थरथरली, पुढचे पाय फाकवून मग पोचली. जनावराला जमिनीवरचं खायला एवढं करावं लागतंय आणि मी त्याला डौल म्हणत होतो. पाठीवर हात ठेवला तर नालबंद म्हणाला तशीच. बाई म्हणाल्या तशीच. ही म्हणत होती, त्याच्याही आधीपासून.

बाबांचा फार राग आला. मग तो राग उतरला, कारण बाबा चुकले नव्हते. बाबांच्या घोड्यांना गाडी ओढायची होती, मान वर ठेवून, गावाने बघावं म्हणून. भिंगरीला गाडी ओढायची नाही हे मीच ठरवलं होतं. सहा वर्षं ओरडून सांगतोय की नवं जनावर घडवतोय, आणि रोज संध्याकाळी तिला भिंतीकडे तोंड करून जुनं करत होतो. पोरीच्या हातांना नावं ठेवली मी. हात माझे जड होते.

अपील फाडलं. रक्तदाब मोजला नाही.

२७ एप्रिल

पट्टा खिळ्यावरून काढून ट्रंकेत टाकला. कोणालाही काही सांगितलं नाही. काय सांगणार?

बारकीकडे मात्र गेलो. हातमोजे परत दिले. म्हटलं, तूच बसायचंस. ती म्हणाली, "आणि पुन्हा पाडले तर?" म्हटलं, पाडणार नाही. "तुम्हाला कसं माहीत?" इथे सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत आहे म्हणजे आहे," आणि चक्क ओरडलो तिच्यावर. शेवटी हो म्हणाली. स्वतःचाच संताप येतोय.

९ मे

एक मीटर, एक दांडा खाली. भिंगरी आता चालताना नाक जमिनीला लावून वास घेते. दोन वर्षांत तिने जमिनीचा वास घेतलेला मी पाहिला नव्हता. नालबंद आला, पाठीवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, काय बघतोस? "काही नाही," म्हणाला, "नाल हलके लागले बहुतेक." पुढचा अर्धा तास स्वतःशीच हसत होता. मी सहन केलं.

१८ मे

साफ. एक मीटर पंधरा. बारकी आनंदात आहे, पण साफ उडी मारून उतरल्यावरसुद्धा स्वतःच्या हातांकडे बघते. ते बघवत नाही.

२५ मे

मोकळ्या गल्लीत तिन्ही साफ. मग स्वारी. पहिला साफ, दुसरा साफ. तिसऱ्याला मागचं खूर लागलं, दांडा हलला, कडीत नाचला आणि राहिला. धाकट्याने माझं मनगट धरलं, तेच, दुखरं. चौथा साफ. पाचव्यावरून भिंगरी गेली तेव्हा तिच्या पोटाखालून पलीकडचं कुंपण दिसलं मला.

पास. स्वारीच्या नोंदवहीत नाव, आईच्या नावासकट. आई, सरकार, गाडीची जात. लिहिलंय तसं, शाईने.

करड्या कोटवाल्या बाई पुन्हा आल्या. भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. "महिन्यात ही वेगळीच घोडी झालीय," म्हणाल्या. "काय बदललंत?" बारकी पटकन म्हणाली, "माझे हात जड होते, आता हलके ठेवते."

आणि मग मला तो राग आला जो चार महिन्यांत आला नव्हता. सगळ्यांसमोर म्हणालो, "खोटं आहे. हिचे हात कधीच जड नव्हते. मान मी बांधत होतो. दोन वर्षं, रोज. तुम्ही विचारलंत तेव्हाही बांधलीच होती, त्याच सकाळी. आता बांधत नाही. एवढंच बदललंय."

बाई म्हणाल्या, "बरं." हे 'बरं' वेगळं होतं.

बारकी खाली उतरली. मला वाटलं, आता काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. बराच वेळ ती भिंगरीची मान थोपटत राहिली. मग म्हणाली, "काका, मी नोकरी सोडणार होते. स्वारीच सोडणार होते." मी म्हटलं, माहीत आहे. "सत्तावीसला हातमोजे द्यायला आलात तेव्हा माहीत होतं?" म्हटलं, होय. तिने हातमोजे काढले आणि माझ्या छातीवर फेकून मारले, दोन्ही, एकामागून एक. मी ते उचलले आणि परत दिले. तिने घेतले.

परत येताना भिंगरीबरोबर मागे मी बसलो. बारकी म्हणाली, तिथे धूळ फार आहे, बसा आता तुम्हीच.

२६ मे

एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर वहीला श्रेय देतील.

धाकट्याने विकायच्या घोड्यांची यादी करून ठेवली होती, ती सकाळी फाडली. सरकारचं शिंगरू पुढच्या महिन्यात येईल. त्याच्या मानेला कोणी हात लावणार नाही, हे मी पागेच्या दारावर खडूने लिहिलंय, म्हणजे मलाही दिसेल.

चहाच्या वेळी हिला सगळं सांगितलं. पट्ट्याचं, तारखांचं, ट्रंकेचं. ऐकून घेतलं, कप भरला. मला वाटलं होतं म्हणेल, मी सांगत नव्हते का. म्हणाली नाही. मग मीच म्हणालो, "तरी एक सांगतो, बाबांचा असला तरी पट्टा खोटाच होता. चामडं रोज सरकायचं. नाहीतर तिची पाठ याहून बिघडली असती."

"हो ना," ही म्हणाली. "रोज दोन भोकं."

दोन भोकं हे मी हिला कधीच सांगितलेलं नाही. फक्त इथे लिहिलंय. म्हणजे ही माझी वही वाचते. अडतीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढीही खाजगी गोष्ट ठेवता येत नाही म्हणजे कमाल झाली. उद्यापासून वही कुलपात.